अर्जदार जातीने हजर

पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाच्या बाररूममध्ये माणसाचं जन्मनाव फार काळ तग धरत नाही. तिथे एक 'मनाईसाहेब' आहेत, एक 'चेक बाउन्स' आहेत आणि कुठल्याही कामात उभं राहिल्या राहिल्या मुदत मागणारे एक 'मुदतराव' आहेत. हा पोरगा २०२३ मध्ये नवाकोरा काळा कोट घालून आला आणि थोड्याच दिवसांत 'अर्जदार' झाला. बाकीचे ज्युनिअर पक्षकारांचे अर्ज कोर्टात देतात, हा स्वतःचे अर्ज नोकरीच्या साइटवर देतो. निष्ठा तीच, फीही जवळपास तेवढीच.

बाररूमच्या भिंतीवरच्या सॉकेटांपैकी एकच धड चालतं. त्याच्याखालचं बाकडं अर्जदाराचं. दीर्घ वहिवाटीने त्या जागेवर त्याचा हक्क निर्माण झाला आहे, हे मनाईसाहेबसुद्धा मान्य करतात. सकाळी साडेदहाला तो येतो. बॅगेतून आधी लॅपटॉप निघतो, मागोमाग वायरींचं भेंडोळं आणि त्या भेंडोळ्यात हमखास अडकलेला पांढरा बँड. बँड सोडवून गळ्यात बांधेपर्यंत पहिला पुकारा झालेला असतो. सीनिअरचं मॅटर पुकारलं की तो धावत जातो, तारीख घेतो, डायरीत टिपतो आणि परत येऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आपलं बोर्ड उघडतो.

बोर्ड हा शब्द त्याचाच. नोकरीच्या साइटवरून रोज सकाळी येणाऱ्या जाहिरातींच्या ईमेलला तो 'आजचं बोर्ड' म्हणतो. केलेल्या अर्जांची एक्सेल शीट आहे, तिचं नाव 'रोजनामा'. तिच्यात रकाने आहेत : अर्ज क्रमांक, दाखल दिनांक, जाबदार, टप्पा, पुढील तारीख, शेरा. जाबदार म्हणजे ज्या कंपनीकडे अर्ज केला ती. अर्ज गेला की टप्प्यात 'दाखल' असं लिहिलं जातं. 'तुमचा अर्ज पाहिला गेला' अशी सूचना आली की 'नोटीस बजावली'.

यावर मी एकदा म्हणालो, "अरे, कुणीतरी चुकून क्लिक केलं असेल. त्याला बजावणी कसं म्हणतोस?"

"सर, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नोटिशीची बजावणी ग्राह्य धरली. निळ्या खुणा दिसल्या, पीडीएफ उघडलेली दिसली, झाली बजावणी. माझा सीव्हीसुद्धा पीडीएफच आहे."

बजावणीनंतरचा टप्पा 'से साठी'. आमच्या कोर्टात समोरच्या बाजूने आपलं म्हणणं लेखी दिलं की 'से' दाखल झाला म्हणतात. वारंवार संधी देऊनही तो आला नाही, तर कोर्ट 'नो से'चा हुकूम करून पुढे जातं. अर्जदार कंपन्यांना तीस दिवस देतो. एकतिसाव्या दिवशी चहा मागवतो, लॅपटॉप जवळ ओढतो आणि बाररूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "जाबदार क्रमांक अमुक, पुकारूनही गैरहजर. नो से." मग तो रकाना लाल करतो. बलाढ्य कंपन्या, बँका, परदेशी बोधचिन्हं मिरवणाऱ्या लॉ फर्म यांच्याविरुद्ध या पोराने एकतर्फी हुकूम करून ठेवलेले आहेत. त्यांना पत्ता नाही, हा भाग वेगळा.

इथे कुणालाही वाटेल की पोरगा निराश झाला असेल. तसं काही नाही. वकिलाच्या पिंडाला प्रलंबित प्रकरण मानवतं. मॅटर चालू आहे तोवर पक्षकाराला आशा असते आणि वकिलाला काम असतं. निकाल लागला की दोघंही मोकळे आणि एक जण नाराज. अर्जदाराने हे तत्त्व सनदेबरोबरच आत्मसात केलं आहे. "नकार आलाय का? नाही ना? मग मॅटर पेंडिंग," असं तो आईला सांगतो. आईही शेजारणीला तेच सांगते : "त्याचं मोठ्या मोठ्या कंपन्यांत पेंडिंग आहे."

वडिलांचं मत जरा वेगळं आहे. त्यांनी आपल्या काळात सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं होतं, कार्ड नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहिले होते आणि कॉल आल्यावर धोतरजोडी वाटावी इतका आनंद त्यांच्या वडिलांना झाला होता. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झालं, लिंक्डइन २००३ मध्ये. म्हणजे अर्जदाराला कळायला लागलं तेव्हा रांग घरात आलेली होती. वडिलांना ही रांग दिसत नाही, म्हणून ती आहे यावर त्यांचा विश्वास नाही. अर्जदाराने एकदा त्यांना स्क्रीनवर दाखवलं : 'शंभराहून अधिक उमेदवारांनी अर्ज केला आहे.' वडील चष्मा पुसत म्हणाले, "आणि तुझा नंबर कितवा?" हा प्रश्न त्या साइट बनवणाऱ्यांना सुचलेला नाही.

लिंक्डइनवर खातं उघडताना तर अर्जदाराने आठवडाभर कायदा वाचला. बार कौन्सिलचा नियम ३६ सांगतो की वकिलाने जाहिरात करू नये, काम मागत फिरू नये. २००८ मध्ये थोडी ढील मिळाली : वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकता येतं. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन साइटवरून वकिलांची जाहिरात करण्यावर चांगलेच कोरडे ओढले. अर्जदाराने निकाल डाउनलोड केला, पिवळ्या रंगाने रेघा मारल्या आणि मग प्रश्न काढला : फोटोभोवती ते 'कामासाठी उपलब्ध' असं हिरवं कडं लावलं तर ती जाहिरात ठरेल का?

बाररूममध्ये या मुद्द्यावर दोन दिवस युक्तिवाद झाला. मनाईसाहेब म्हणाले, ठरेल. चेक बाउन्सवाले म्हणाले, कडं मालकाला दाखवायचं आहे, पक्षकाराला नाही, म्हणून ठरणार नाही. मुदतरावांनी अभ्यासासाठी मुदत मागितली. शेवटी अर्जदाराने कडं लावलं, पण लॉ फर्मच्या वेबसाइटवर शिरताना एक सूचना येते ना, 'मी स्वतःच्या इच्छेने इथे आलो आहे, मला कुणीही बोलावलेलं नाही', तसला मजकूर आपल्या सीव्हीच्या तळाशी छापून टाकला. म्हणजे हा सीव्ही वाचणाऱ्याने आधी कबूल करायचं की तो स्वखुशीने वाचतोय. एका एचआर बाईंनी फोन करून विचारलं, "म्हणजे तुम्ही अर्ज केलाय की नाही?"

"केलाय, पण हक्क अबाधित ठेवून."

फॉर्म भरणं हा त्याचा खरा रियाज. 'सध्याचा वार्षिक पगार' हा रकाना आला की बाररूममधले सगळे ज्युनिअर एकमेकांकडे बघतात. सीनिअर महिन्याच्या शेवटी कधी पेट्रोलला म्हणून देतात, कधी दिवाळीला पाकीट देतात, कधी नुसतं "शिकतोयस ना?" असं विचारतात. रकान्यात फक्त आकडा चालतो. 'साहेबांच्या मर्जीप्रमाणे' असं टाइप केलं की लाल अक्षरं येतात. शून्य टाकलं तरी येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं : ज्युनिअरला शहरात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस. अर्जदाराने त्याची स्वच्छ प्रिंट काढून सीनिअरच्या टेबलावर, नजरेला पडेल अशी ठेवली. संध्याकाळी ती परत मिळाली. पाठकोऱ्या बाजूवर साहेबांनी उलटतपासाचे मुद्दे काढले होते आणि खाली लिहिलं होतं : 'उद्या टाइप करून आण.'

पैशाच्या बाबतीत कायदा त्याच्या बाजूला येतो, पण जरा उशिरा. सनद घेताना त्याने घरून हजारो रुपये आणून भरले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून सव्वाशे रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. अर्जदार उड्या मारत बाररूममध्ये आला. निकाल पूर्ण वाचल्यावर बसला. निकाल पुढच्यांसाठी होता. आधी घेतलेले पैसे परत करण्याची गरज नाही, असंही त्यात होतं.

त्याहून अवघड रकाना म्हणजे 'सध्या प्रॅक्टिस करता का? होय / नाही.' नियम ४९ प्रमाणे पगारी पूर्णवेळ नोकरी धरली की वकिलाने बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस थांबवायची. कंपनीला हवा असतो सनदधारी, कोर्टाचा अनुभव असलेला माणूस. 'होय' म्हटलं तर विचारतात, मग नोकरी कशी कराल? 'नाही' म्हटलं तर म्हणतात, मग अनुभव कसला? अर्जदार 'होय'वर टिचकी मारतो आणि पुढच्या 'अन्य माहिती'च्या चौकटीत दीड पानी खुलासा लिहितो. चौकट दोनशे अक्षरांची असते. त्याचा खुलासा 'सबब अर्जदार नम्रपणे नमूद करतो की' इथे तुटतो.

शोधाच्या पेटीत त्याने 'लीगल' एवढाच शब्द घातला, तेव्हाच्या पहिल्या बोर्डाची बाररूमला अजून आठवण आहे. सर्वांत वर होती 'लीगल मेट्रॉलॉजी', म्हणजे वैधमापन निरीक्षकाच्या परीक्षेची शिकवणी. वजनकाटे तपासणारं खातं. यंत्राने 'लीगल' वाचलं आणि पुढचं वाचायचं ठेवून दिलं. मग आली 'लीगल एक्झिक्युटिव्ह'. हे पद भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात थकलेल्या हप्त्यांच्या लोकांना सकाळी नऊपासून फोन करायचे आणि आवाज शक्य तेवढा कायदेशीर काढायचा. 'लीगल अ‍ॅडव्हायजर, आकर्षक इन्सेंटिव्ह' म्हणजे छोट्या दुकानदारांना ट्रेडमार्कची नोंदणी फोनवर विकायची. 'काँट्रॅक्ट असोसिएट' हे खरंखुरं काम, पण खराडीला, रात्रपाळीत, अमेरिकेतले करार वाचायचे. 'लीगल ट्रेनी, फ्रेशर' याखाली बारीक अक्षरांत : अनुभव तीन ते पाच वर्षं, स्वतःची दुचाकी आवश्यक.

"दुचाकी कशाला?" मी विचारलं.

"सर, तलाठी कार्यालयात सातबारे आणायला."

आता तो शोधाच्या पेटीशी बोलायला शिकलाय. कुठला शब्द अवतरणचिन्हांत घालायचा, कुठल्या शब्दापुढे वजाबाकीची खूण करायची, हे तो अशा काही तन्मयतेने करतो की पक्षकाराची केस लिहिताना इतकी तन्मयता दाखवली असती तर सीनिअरने एव्हाना पाकीट वाढवलं असतं. सीव्ही आधी माणूस वाचत नाही, मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर चाळतं, हे कळल्यापासून त्याने जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे सीव्हीत पेरायला सुरुवात केली. त्यातूनच ते प्रसिद्ध प्रकरण घडलं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. त्याने कॉलेजात घोकलेली भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८(४) आलं. सॉफ्टवेअर जुना आकडा शोधेल की नवा, हे कसं कळणार? म्हणून अर्जदाराने दोन्ही घातले. सीव्हीत ओळ होती : 'कलम ३१८(४), जुने ४२०, कलम १०३, जुने ३०२, जामीन, सेशन कोर्ट, पुणे.' दुसऱ्या दिवशी एका कंपनीतून फोन आला. मुलगी नवीन असावी, आवाज थरथरत होता.

"सर, तुमच्यावर हे... म्हणजे सगळे गुन्हे अजून चालू आहेत का?"

"चालू आहेत ना. दोन्हीत जामीन झालाय."

ती नोंदही रोजनाम्यात आहे. टप्पा : 'जाबदार घाईने निघून गेले.'

वेळेत से देणारा एकच जाबदार त्याला आजवर भेटला. घरबसल्या कायदेविषयक काम, पगार डोळे विस्फारणारा. अर्ज केल्यावर तासाभरात उत्तर : आपली निवड झाली आहे, परत मिळणाऱ्या अनामत रकमेपोटी दीड हजार रुपये सोबतच्या क्यूआर कोडवर पाठवा. अर्जदाराचा चेहरा फुलला. पैसे पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. खरा मालक नोकरी देताना पैसे मागत नाही, हे तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतो. पण कुणीतरी उत्तर दिलं होतं! त्याने लेटरहेडवर चार पानी नोटीस पाठवली : कंपनीचा नोंदणी क्रमांक कळवा, नोंदणीकृत पत्ता कळवा, अन्यथा कलम ३१८(४) खाली कारवाई. पलीकडून पुन्हा उत्तर आलं. याने प्रत्युत्तर दिलं. आठवडाभर दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार झाला. शेवटी पलीकडच्या माणसाने विचारलं, "वकीलसाहेब, आमचा एक चेक अडकलाय, तुम्ही बघता का?" अर्जदाराने नियम ३६ कळवला आणि सगळा पत्रव्यवहार सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर चढवून दिला. तरी त्याच्या बोलण्यात त्या ठगाबद्दल एक हळवी तार लागतेच. "काही म्हणा सर, से मात्र वेळेत दिला."

आता इथवर वाचून हा पोरगा निकामी आहे असं कुणी ठरवलं, तर माझी हरकत नोंदवून घ्यावी. वकिलाची नोकरी कुठे असते हे पुणे जिल्ह्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मोठ्या साइटवर चकाकतं ते सगळ्यांनाच दिसतं. अर्जदार जिथे कुणी फिरकत नाही तिथे जातो. जिल्हा न्यायालयाच्या वेबसाइटवर भरतीची एक कळ असते, ती रोज दाबतो. विधी सेवा प्राधिकरणाची लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत. आरोपीला मोफत वकील देणारी, पूर्णवेळ, कंत्राटी जागा असणारी. त्यांच्या जाहिराती तिथेच पीडीएफच्या ढिगात पडलेल्या असतात. उच्च न्यायालयातले लॉ क्लार्क, पोलीस अधीक्षक कार्यालयातले कंत्राटी विधी अधिकारी, एमपीएससीमार्फत भरले जाणारे सहायक सरकारी अभियोक्ते, आयबीपीएसमधून घेतले जाणारे बँकांचे लॉ ऑफिसर, आणि काही सरकारी कंपन्या 'क्लॅट'च्या पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर माणसं घेतात ती भरती, हे सगळं त्याला तोंडपाठ. कुठल्या जाहिरातीचं शुद्धिपत्रक निघालं, कुठे शेवटची तारीख वाढली, कुठल्या फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते, डाव्या अंगठ्याचा ठसा किती केबीत बसवायचा, त्याला विचारा.

आणि लोक विचारतात. दुपारच्या सुट्टीत बाकड्यापाशी रांग लागते. बारामतीची एक मुलगी त्याने दाखवलेल्या जाहिरातीवरून लोक अभिरक्षक कार्यालयात लागली. एक जण बँकेत लॉ ऑफिसर होऊन नागपूरला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा साताऱ्याच्या एका ज्युनिअरला याने सांगितलं, "साइट बंद कर आणि एसटी पकड. सहा जिल्ह्यांचं काम आता तिकडे येणार. मुंबईच्या साहेबांना तिथे तारखेला उभं राहणारी माणसं लागतील. ही जाहिरात कुठेच लागणार नाही." तो गेला, आणि आता त्याच्या हाताखाली एक ज्युनिअर आहे. बाररूममध्ये पेढ्यांचा पुडा आला की पहिला पेढा अर्जदाराला. तो पेढा खातो, बोटं रुमालाला पुसतो आणि पुन्हा बोर्डाकडे वळतो.

मग स्वतः का लागत नाही? कारण तो वकील आहे आणि त्याला इलाज नाही. जगात 'अटी व शर्ती मान्य आहेत' यावर टिचकी मारण्यापूर्वी त्या वाचणारा मी पाहिलेला हा एकमेव इसम. एका साइटच्या अटींवर त्याने लेखी हरकती पाठवल्या. आयबीपीएसच्या फॉर्मला स्वतःच्या हस्ताक्षरात प्रतिज्ञापन लागतं. मजकूर त्यांनीच दिलेला असतो, नुसता उतरवून काढायचा. याने त्यात 'माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे' एवढी भर घातली. आपण म्हणतो, अरे, सही कर आणि मोकळा हो. तो म्हणतो, "हेच आपण पक्षकाराला म्हणतो का?" त्यावर आपल्याकडे से नसतो.

मध्यंतरी न्यायाधीश व्हायचं त्याच्या मनात होतं. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. नोकरीसाठी सनद बाजूला ठेवलेल्यांची तोंडं उतरली. अर्जदार मात्र कॉलर ताठ करून हिंडला. "बघा, लागलो असतो तर वर्षं मोजली गेली नसती." नोकरी न मिळण्याचे फायदे इतक्या मुद्देसूदपणे मांडणारा युक्तिवाद मी वरच्या कोर्टातही ऐकलेला नाही.

मुलाखतीला तो क्वचित पोहोचतो आणि पोहोचतो तेव्हा साक्षीदार होतो. गेल्या खेपेला ऑनलाइन मुलाखत बाररूमच्या बाकड्यावरूनच दिली. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड घालायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. व्हिडिओ कॉल हे सार्वजनिक ठिकाण आहे का, यावर एकमत न झाल्याने बँड हातात धरून बसला. पलीकडे तीन माणसं.

"तुमच्या अनुभवात एक वर्षाची गॅप दिसते."

"हे म्हणणं खरं नाही की माझ्या अनुभवात गॅप आहे. हे म्हणणंही खरं नाही की मी त्या काळात रिकामा होतो."

"बरं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"प्रश्न अनुमानावर आधारित आहे. हरकत."

मागे बसलेल्या मनाईसाहेबांनी सवयीने "मान्य" म्हटलं. पलीकडे दोघं हसले आणि तिसरी बाई काहीतरी लिहून घेत होती. तिचं नशीब थोर, कारण तिला असाच माणूस हवा होता.

बाणेरच्या त्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, तेव्हा बाररूममध्ये कामकाज तहकूब झालं. पद : मॅनेजर, लीगल. पगार असा की मुदतरावांनी चष्मा काढून पुन्हा लावला. अर्जदाराच्या आईने फोनवरच देवापुढे साखर ठेवल्याचं सांगितलं. आम्ही वर्गणी काढून मिसळ मागवली. अर्जदार मिसळीला हात न लावता अकरा पानं वाचत होता. शेवटचं पान झालं, तसा त्याने खिशातून लाल पेन काढला. आम्हाला धोका तिथेच कळायला हवा होता.

"नोटीस पीरियड. मी सोडलं तर तीन महिने, त्यांनी काढलं तर एक. समानता कुठे आहे?"

"सही कर."

"नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचं नाही म्हणतात. १८७२ चा करार कायदा, कलम २७. शून्यवत अट. ही लिहिलीच कशी?"

"शून्यवत आहे ना? मग सही कर."

"बाँड आहे. बाँडबद्दल मी काही म्हणत नाही, विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तसली अट वैध धरली. पण रक्कम वाजवी हवी. आणि वाद झाला तर फक्त बंगळुरूच्या कोर्टात! नोकरी बाणेरला, दावा बंगळुरूला? तशी अट चालते, हेही त्याच वर्षी झालंय. पण चालते म्हणून मान्य का करायची?"

मिसळीवर तर्री थिजली. संध्याकाळपर्यंत त्याने परिच्छेदवार हरकतींचं टिपण तयार केलं, प्रत्येक हरकतीखाली सुचवलेला पर्यायी मजकूर दिला, आणि खरं सांगायचं तर ते टिपण इतकं नेटकं होतं की मनाईसाहेबांनी त्याची एक प्रत स्वतःसाठी झेरॉक्स करून घेतली. दोन दिवसांनी कंपनीकडून उत्तर आलं. सौजन्यपूर्ण होतं. 'आपल्या सूचना मिळाल्या. अभिप्रायासाठी त्या आमच्या लीगल विभागाकडे पाठवल्या आहेत. विभागाचं मत आल्यावर कळवू.'

अर्जदार खूश झाला. रोजनाम्यात नवा टप्पा लिहिला : 'अभिप्रायार्थ.' दोन-तीन आठवडे गेले. काहीच आलं नाही, तसा मीच म्हटलं, फोन करून विचार तरी. त्याने सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, लीगल विभागाकडे कोण बघतंय ते?"

पलीकडे जरा वेळ कीबोर्ड वाजला. "सर, लीगल विभागात सध्या एकच पोस्ट आहे. मॅनेजर, लीगल. ती रिकामी आहे."

"म्हणजे माझीच?"

"हो सर. तुम्ही जॉइन झालात की ते टिपण तुमच्याच टेबलावर येईल. बघून घ्या ना तुम्हीच."

बाररूममध्ये खसखस पिकली. अर्जदार हसला नाही. त्याने विचार केला आणि मग अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं, "मॅडम, स्वतःच्या मॅटरमध्ये मी अभिप्राय देऊ शकत नाही. हितसंबंधांचा प्रश्न येतो. आणि अभिप्राय आल्याशिवाय मी जॉइन होऊ शकत नाही."

"मग सर, काय करायचं?"

तो काय म्हणाला ते पुकाऱ्याच्या गोंगाटात आम्हाला ऐकू आलं नाही. बोलणं बराच वेळ चाललं, पण भांडण वाटत नव्हतं. फोन ठेवून तो बाकड्यावर आला, रोजनामा उघडला आणि समाधानाने काहीतरी टाइप करू लागला.

"काय ठरलं?" मी विचारलं. "नोकरी गेली?"

"जाते कुठे? मुदतीचा अर्ज दिलाय."

"कुणी? तू की त्यांनी?"

"दोघांनी, सर. संमतीने."